पत्र्याची पोर

तेव्हा माझे डोळे गल्लीत प्रसिद्ध होते.
कुणाच्या टाचेत काटा मोडला,
दस्तगीरचाचांच्या सतारीचा मणी
भोपळ्याच्या भुश्यात हरवला,
की हाक मला.

आणि रोज दुपारी, मिरजेचं ऊन
समोरच्या पायरीवरून उतरायच्या आत,
गौरव्वाची.
"कुंदे, ये गे. नेढं दिसंना झालंय."

साडीला फॉल लावायची ती.
मांडीवर कुणाचीतरी जांभळी इरकल,
चश्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
मी दोरा जिभेवर ओला करायचे,
टोक दातानं तोडायचे,
श्वास धरायचे.
दहा सुया, दहा रंग.
उशीवर ओळीनं खोचून ठेवल्या की
ती एक रिकामं रीळ द्यायची.
माझ्याकडे त्रेचाळीस झाली होती.

मग उरसातून तिच्या जावयानं आणली ती वस्तू.
आठ आण्याएवढा पत्रा,
त्यावर ठशानं उठवलेली बाई, अंबाडा घातलेली,
आणि तिच्या गळ्याखालून निघालेली
केसाएवढ्या तारेची चौकट, पतंगासारखी.
तार नेढ्यातून घाल.
तारेत दोरा घाल.
माघारी ओढ.
"आंधळ्यालाबी जमंल," जावई म्हणाला.
तिचं नाव काय, त्यालाही ठाऊक नव्हतं.

गौरव्वानं ती साऱ्या गल्लीला दाखवली.
"ही बघा माझी पत्र्याची पोर.
हिला हाक मारायला नको,
ही शाळंला जात न्हाई,
हिला रीळ बी नको."
सगळे हसले.
मीही हसले, मग घरात जाऊन
निवडलेले तांदूळ परत निवडले.

नऊ दिवस.
मी आमच्या उंबऱ्यावर बसून मोजले.
तिकडे अंबाड्याची बाई
एकामागून एक सुया ओवत होती,
न भिजवता, न चावता.

दहाव्या दिवशी: "कुंदे."
मी उठले नाही.
"कुंदे गे. तार तुटली बघ.
काळा दोरा दुहेरी घातला, आन तुटली."

दस्तगीरचाचांनी पत्रा उन्हात धरून पाहिला,
सतारीच्या तारेचा उरलेला तुकडा वाकवून डाग दिला,
नखानं छेडलाही.
बारीक वाजला.
"सूर हाय," ते म्हणाले, "पण नेढ्यात जाणार न्हाई."

मग मी गेले. मुद्दाम सावकाश.
पायरीवर आधी मुंग्या बघितल्या.
दहा सुया ओवल्या, अकरावी फुकट.
त्या दिवशी तिनं दोन रिळं दिली,
एकावर अजून हातभर पिवळा दोरा होता.

आता मी एकोणपन्नास वर्षांची.
लक्ष्मी मार्केटात दहा रुपयांना तीन मिळाल्या,
पाकिटावर चिनी अक्षरं,
पत्र्यावर तीच बाई, तोच अंबाडा.
ती काही म्हातारी झाली नाही.
चश्मा कपाळावर सारून
पहिल्याच खेपेला सुई ओवली,
नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण लावलं.
सोपं आहे. खरंच आंधळ्यालाही जमेल.

मग काय वाटलं कोण जाणे,
काळा दोरा दुहेरी घातला आणि ओढला.
तार वाकली.
तुटली नाही.
चौपदरी घालून ओढला.
बोटाला रेघ पडली, तार तशीच.
शेवटी चिमटीत धरून
इकडे वाकवली, तिकडे वाकवली,
इकडे, तिकडे,
सातव्या की आठव्या वेळी
टिक्.

गौरव्वाच्या पायरीवर आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे.
विचारायला तिथं कुणी नाही.

आताच्या तारा चांगल्या येत असतील.
असं म्हणत मी डबा लावला,
आणि तो टिचभर तुकडा,
कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून,
गुडघ्यांवर बसून, फरशी चाचपत,
बराच वेळ शोधत राहिले.