चौदा जोड्या

राजेंद्रनगरहून निघालो तेव्हाच ह्यांच्या हाती यादी आली.
वीज मंडळात पस्तीस वर्षं मीटर वाचलेला माणूस,
टूरवाल्या पलाशने बरोबर हेरला.
"काका, गिनती तुम्ही सांभाळा भिया, बाकी मी आहे."
चौदा जोड्या. अठ्ठावीस केशरी टोप्या.
सामानात साडेसहा किलो शेव,
लसणाची, लवंगेची, आणि सोहोनींची वेगळी, बिनतिखटाची.

विमानतळावर मोजलं, लिफ्टपाशी मोजलं,
देवळाच्या पायऱ्यांवर, ज्वालामुखीसमोर,
माकडांच्या वनात दोनदा, कारण आकडा वाढला.
रात्री अंथरुणावर पुटपुटायचे, अठ्ठावीस,
आणि मग दिवा घालवायचे.

बेटांचं म्हणाल तर
पहिल्या तिघांची नावं मला पाठ होती.
पुढे सगळी एकच झाली:
जेट्टी, शहाळं, फोटो, चला.

पाचव्या की सहाव्या बेटावर
मी चपलेतली वाळू धुवायला थांबले.
एवढंच.
मान वर केली तर बोट पाण्यात,
दूर जाणारे केशरी ठिपके,
आणि अंताक्षरीत भेंडी चढल्याचा आरडाओरडा.
हाक मारणार होते.
आवाज फुटला नाही म्हणते मी सगळ्यांना.

जेट्टीवर एक बाई अननस कापत होती.
तिने स्टूल पुढे सरकवलं, म्हणाली, "इबू."
मग सुरीनेच समुद्राकडे दाखवत, "सुआमी?"
मी दचकले.
लग्नातल्या उखाण्यानंतर
हा शब्द माझ्या आसपास कुणी उच्चारला नव्हता.
"हो," म्हटलं, "सुआमी. गेले."
आणि तळहाताची होडी करून लांबवर नेली.
ती हसली. मग मी.
इतक्या हसलो की तिला सुरी खाली ठेवावी लागली.

पर्समध्ये जीरावणाची पुडी होती,
परदेशातल्या पोह्यांचा भरवसा नाही म्हणून घेतलेली.
अननसाच्या फोडीवर भुरभुरली.
तिने चाखली, डोळे मिटले,
आणि न बोलता हात पुढे केला.
मी अख्खी पुडी त्या तळव्यावर रिकामी केली.

चाळीस मिनिटं.
पाय पाण्यात सोडलेले, टोपी मांडीवर उलटी.
सुनेचा फोन, गॅसचं बुकिंग, ह्यांची साखरेची गोळी,
काही आठवलं नाही असं नाही,
आठवलं, आणि बाजूने वाहून गेलं.
मला कुणी मोजत नव्हतं.

बोट परत आली तेव्हा हे पुढेच उभे होते,
चेहरा चुन्यासारखा पांढरा.
म्हणाले, "मी जोड्यांनी मोजत होतो गं.
जोडीतलं एक दिसलं की दोन धरायचे.
चौदाव्याला स्वतःवर बोट ठेवलं
आणि दोन म्हटलं."

भर उन्हात मी त्यांच्याकडे बघत राहिले.
रागवावं की काय करावं
हे मला आजही नक्की ठरवता आलेलं नाही.
चव्वेचाळीस वर्षं हा माणूस स्वतःला दोन मोजतो.
मी त्यात आहे म्हणून, की धरूनच चालला आहे म्हणून?

आता कुणीही आलं की किस्सा होतो.
"ही हरवली होती बरं का, थेट समुद्रात!"
सोहोनी टाळी देतात. मी पोहे आणते.
रडत बसली होती बिचारी, इथवर गोष्ट आली आहे.
मी दुरुस्त करत नाही.
चोइथराम मंडीतला अननस आणते कधीकधी,
ओट्याशी उभ्याने खाते, जीरावण लावून.

परवा पिपल्यापाल्याच्या तळ्यावर गेलो होतो.
खिडकीतल्या पोराने विचारलं, "कितने?"
हे उत्तर देईनात.
आधी मागे वळले, गर्दीत मला शोधलं,
माझ्या कोपराला हात लावून खात्री केली,
मग म्हणाले, "दो."

बोटीत बसल्यावर मी चप्पल काढली.
त्यांनी लगेच विचारलं,
"काय झालं? कुठे निघालीस?"