पुढचं डावं चाक

कोडोलीच्या एमआयडीसीत, पाण्याच्या टाकीसमोर
आमचं शेड. पाटीवर अजून अब्बांचं नाव:
शिकलगार ब्रेक अँड क्लच.
त्यांचे आजोबा गावोगाव फिरून विळ्यांना धार लावायचे.
आम्ही थांबवायचं काम करतो.

सोमवारी डॉक्टरांची जर्मन गाडी आली,
निळी, इतकी खाली बसलेली
की जॅक आत सरकवायला
आधी चाकाखाली दोन फळ्या घालाव्या लागल्या.
डॅशवर पिवळा दिवा. अजून पाचशे किलोमीटर, फार तर.
डॉक्टर घोरपडे हाडांच्या. सकाळी सहाला,
ओपीडीच्या आधी, यवतेश्वरचा घाट कसा उतरतात
ते मी विचारलं नाही.
पॅड बघितलं की कळतं.

चाक काढलं. परातीएवढी डिस्क,
कडेला काठ आलेला, नखाला लागतो.
सातची ॲलन, दोन पिना, कॅलिपर सुटलं.
तारेच्या आकड्याला टांगलं.
नळीवर भार येऊ द्यायचा नाही, अब्बा म्हणाले.
दहा वर्षं मी टांगतेय,
दहा वर्षं ते म्हणतायत.

आतलं पॅड: बारा मिलिमीटरमधलं तीन उरलेलं.
त्याच्या खाचेत सेन्सर,
करंगळीच्या पेराएवढं प्लॅस्टिक,
आत तारेचा एक वळसा.
पॅड झिजतं तसा तोही झिजतो,
डिस्क तारेपर्यंत पोचते, तार तुटते,
आणि तेव्हा तो बोलतो.
जन्मात एकदाच. मग फेकून द्यायचा.

पुण्याहून एस्टीच्या पार्सलने आला तो मागच्या चाकाचा,
वायर हातभर जास्त.
शेजारचा बाबर म्हणाला, थांबतीस कशाला,
दोन्ही टोकं पिळ, टेप मार, दिवा गेला बघ.
दिवा जातो, खरंय.
मी एकदा केलंय. इस्लामपूरचा माणूस होता,
हळदीला निघालेला, मागे सगळी बायकामंडळी.
चार महिन्यांनी परत आला:
पॅडचं लोखंड डिस्कमध्ये घुसून
नांगरट झालेली,
आणि डॅश अगदी स्वच्छ.
पैसे दिले त्याने. बोलला काहीच नाही.
तेव्हा दुसरं पार्सल येईपर्यंत
निळी गाडी दोन दिवस स्टँडवर, तीन पायांच्या जनावरासारखी.
बाबर येता-जाता हसत होता.

बुधवारी डॉक्टर स्कूटरवर आल्या.
तुटका सेन्सर उजेडात धरला, एक्स-रे धरतात तसा.
म्हणाल्या, गुडघ्यात एवढंसुद्धा नाही दिलेलं.
कूर्चेला नसच नसते.
झिजत जाते, माणूस जिने चढत राहतो,
हाडाला हाड लागलं की मग दुखतं.

स्टुलावर बसलेल्या अब्बांनी पाय लांब केला,
परत जवळ घेतला.
आम्ही ऐकायचो, म्हणाले. तेव्हा गॅरेज पोवई नाक्याला.
ट्रक वळणावर दिसायच्या आधी सांगायचो,
मागचं उजवं, लायनर संपलं.
डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन विचारलं,
मग उजवा कान कधी गेला?
ते नाही कळलं, अब्बा म्हणाले.

नवीन पॅड. पिस्टन हळूच मागे दाबला,
वर टाकीतलं ऑइल काठाला आलं.
पॅडच्या दोन्ही कानांना ग्रीस, बोटाच्या टोकाएवढं.
सेन्सर खाचेत, वायर क्लिपांमधून, कुठे घासणार नाही अशी.
चावी फिरवून मिनिटभर थांबले.
पिवळा दिवा गेला. स्वतःहून, पिळ न मारता.

आता बसवायचे पॅड:
ऐंशीवरून वीसवर, दहा वेळा,
पूर्ण थांबायचं नाही, नाहीतर डिस्कवर डाग उमटतो.
अब्बा न विचारता शेजारी बसले.
बोगद्याच्या पुढे चढ लागला,
नव्या पॅडचा करपट वास आत आला.
त्यांनी काच पूर्ण खाली केली,
डोकं बाहेर, डोळे मिटलेले.

सातव्या वेळी मी विचारलं, बरं वाटतंय ना?
उत्तर नाही.
मी त्यांच्या उजवीकडे होते.
डावा कान बाहेर, चाकाशी.