दर अक्षरी

हैफाच्या उतारावर, जिथून बंदराच्या क्रेन दिसतात,
निसीम कास्तोर्यानो थडग्यांचे दगड कोरायचा.
मी त्याची वही लिहायचो :
नाव, तारीख, अक्षरं किती.
दर अक्षरामागे. टिंब अर्ध्या भावात.

लिथुआनियाकडचे सांगत, नावाआधी 'रव' घाला.
दोन अक्षरं. स्वस्तात काम.
अर्थ थोर, आणि त्याच शब्दाचा अर्थ पुष्कळ.
माझ्या भाषेत रव म्हणजे नुसता आवाज,
आणि रब्बी म्हटलं की हरभरा, गहू, पहाटेचं दव.
नात्यागोत्याचा काही संबंध नाही,
तरी वहीत 'रब्बी' लिहिताना
दरवेळी एक शेत उगवून यायचं समासात.

निसीमचे आजोबा इझमिरचे. त्यांना 'हाहाम' म्हणत.
म्हणजे शहाणा.
मी म्हटलं, आमच्याकडे कुणाला शहाणा म्हणालात
तर तो दोन दिवस बोलत नाही.
तो छिन्नी फुंकत हसला :
आमच्या गल्लीतही आजोबांना
निम्मे लोक त्याच सुरात हाक मारायचे.

बुखाराच्या कुटुंबाने 'मुल्लो' हळूच सांगितलं,
आजूबाजूला बघून.
जेर्बाचे 'रिब्बी' म्हणताना पहिलं अक्षर हसल्यासारखं पसरत.
पॅरिसहून आलेल्या म्हाताऱ्याच्या कागदावर 'रब्बँ',
शेवटी एक न, तो कुणी चिकटवला
निसीमला ठाऊक नव्हतं. पैसे मात्र त्याचेही लागले.

एकदा दुपारी, पाव खाताना, तो म्हणाला :
थोर व्हायला दोन अक्षरं पुरतात.
शेवटी जे योद लावतात ना,
सगळ्यांत लहान, छिन्नीचा एकच टोला,
त्याचा अर्थ 'माझा'.
ते माणसाला स्वतः लावता येत नाही.
दुसऱ्याने लावावं लागतं.

मग बद्रा आली, हातात घडी केलेला कागद.
आई गेली होती. लुलुवा. येमेनच्या डोंगरातली.
वडील 'मोरी', माझे गुरुजी, साऱ्या गावाचे.
पुस्तक एक, पोरं आठ, पुस्तकाभोवती गोल बसलेली.
लुलुवा पलीकडे, जात्याशी.
तिला पान दिसायचं ते उलटं.
पीठ पडत राहिलं, ती अक्षरं उचलत राहिली.
जन्मभर तिला फक्त उलटं वाचता आलं.
पुस्तक सरळ दिलं तर ती निमूट फिरवून घ्यायची.

पुढे छावणीच्या तंबूत, रात्री,
तिने अकरा बायकांना वाचायला शिकवलं.
अकराही जणी उलटं वाचतात, बद्रा म्हणाली.
तिला काही पदवी नव्हती.
नवरा विणकर, म्हणून 'रब्बानित'ही नाही,
ते बायकोला नवऱ्याकडून मिळतं.

निसीमने कागद पाहिला. नाव, तारीख.
वर एक ओळ रिकामी सोडलेली.
'मोरी' चार अक्षरांचं, तो म्हणाला,
बाईसाठी 'मोराती', त्याला पाच लागतात.
बद्राने पिशवीत हात घातला, नाणी मोजली, परत मोजली.
चारचेच धर, तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी वहीत चार लिहिले.

तीन दिवसांनी दगड पुसला
तेव्हा मी ओरडलोच : नाव सरळ आहे,
वरची ओळ उलटी!
निसीमने हात धुतले, सावकाश, कोपरापर्यंत.
चूक कुणाची झाली म्हणतोस, त्याने विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता जेवायला गेला.

दगड टेकडीवर आडवा बसवला.
येणारे जाणारे मान वाकडी करून बघत,
कुणी म्हणे, दारू पिऊन कोरलाय.

महिन्याच्या दिवशी अकरा म्हाताऱ्या आल्या.
पायथ्याशी थांबल्या नाहीत.
थेट उशाकडे गेल्या, खाली वाकल्या,
आणि एका दमात वाचलं.