उतरणाऱ्याचं ऐकायचं

हरिपुरात तेव्हा जमिनीखाली पेवं होती.
तोंड एवढंसं, पोट हत्तीचं,
आत वर्ष-वर्ष हळद निजलेली.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.
जळत राहिला तर माणूस.

हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.
मी मात्र पुष्कळ लिहून ठेवलं होतं.
जिल्हा कमिटीचा लेखनिक, काखेत वही,
दर बुधवारी सांगलीत एका माडीवर अभ्यासवर्ग,
आणि फळ्यावर ठळक तिसरा मुद्दा :
परिस्थिती अजून पिकलेली नाही.
यायचे सहा जण. त्यातला एक डुलक्या घ्यायचा,
दस्तगीर नदाफ, पेवात उतरणारा.

त्या मंगळवारी भाव चढला.
मुनीम म्हणाला, कंदील ऱ्हाऊ द्या,
शेजारचं कालच उघडलंय, काय झालं का?
दस्तगीर उतरला.
दोर दोनदा हलायला हवा होता.
हलला नाही.
वर काढला तेव्हा भुवयांपर्यंत पिवळा,
लग्नाची हळद लावून
वऱ्हाडानं माघारी धाडल्यासारखा.
पाऊण तासानं खोकला.
विडी मागितली.

जगला, म्हणजे मिटायला हवं होतं.
मुनीम म्हणालाही, चला, दुसरा उतरा.

कुणी उतरलं नाही.

घोषणा नाही, झेंडा नाही.
तातोबा सनदीनं हातातला पोत्याचा हूक
काट्याच्या पारड्यात टाकला.
मग त्याच्या शेजारच्यानं.
मग निवडणाऱ्या बायका उठल्या,
सुपं उपडी घातली, पदर झटकले,
आणि हवेत बराच वेळ हळद तरंगत राहिली.
संध्याकाळी कुणीतरी गमतीनं वजनं चढवली :
एकेचाळीस हूक, साडेबारा किलो.
"एवढ्याशानं बाजार थांबतुया व्हय?"
हौसाक्का ऐवळे म्हणाली
आणि मिश्रीच्या काळ्या दातांनी हसली.

मी सायकल हाणत गेलो. विचारलं, पुढारी कोण?
ते एकमेकांकडं बघायला लागले,
मांडवात नवरदेव कुठाय म्हणून विचारावं
आणि सगळेच वऱ्हाडी निघावेत, तसे.

दहा दिवस.
रोज रात्री चिंचेखाली बैठक, रोज नवा बोलणारा,
कारण काल बोललेल्याचा घसा बसलेला.
चौथ्या दिवशी त्यांनी आपणच एक पेव उघडलं.
माल बेडग-आरगच्या लोकांचा होता,
त्यांचं अडवून काय मिळणार होतं?
कंदील सोडला. विझला. पुन्हा सोडला.
दुपार गेली. कुणी घड्याळ बघितलं नाही.
ठराव झाला तो एवढाच, मी लिहून घेतला :
किती थांबायचं, ते उतरणाऱ्यानं ठरवायचं.
वरच्यांनी दोर धरायचा.

कमिटीचं पत्र आठव्या दिवशी आलं.
उत्स्फूर्ततेच्या आहारी जाऊ नये.
अहवालात नेतृत्वाचा रकाना कोरा का?

मी टाक बुडवला. शाई वाळली. पुन्हा बुडवला.
हौसाक्का वाकून बघत होती, अक्षरओळख नसलेली.
"हितं मोकळं हाय की."
हो, म्हटलं, हितं नाव लिहायचंय.
"कशाला? ऱ्हाऊ दे मोकळं. हवा लागती."

अकराव्या दिवशी हूक ज्याचा त्याच्या हातात गेला.
पोत्यामागं चार आणे वाढले, हमालांचे.
बायकांचे नाही. त्यावर चिंचेखाली
एक मोठं भांडण झालं, ते माझ्या वहीत नाही,
वही संपली होती असं मी तेव्हा सांगायचो.
पुढं महापुरात पेवं खचली.
आता तिथं प्लॉट आहेत, तारेचं कुंपण, पाट्या.

पण तो बुधवार सांगायचा राहिला.
मी फळा पुसत होतो. तिसरा मुद्दा निघेना,
बरीच वर्षं गिरवलेला, लाकडात मुरलेला.
वर्गाला एकटा दस्तगीर आला.
आज झोपला नाही.
मी खडू त्याच्यापुढं धरला, म्हटलं, तूच सांग.
त्यानं तळवे दाखवले.
"नगं," म्हणाला, "फळा पिवळा हुईल."