साडेतीन पौंड

पोर्ट ऑगस्टात आठालाच पत्रा तापतो.
स्टाव्रूलाच्या शेडमध्ये चार्जर उभी,
बॉनेट उघडं,
दातांच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी.
तीन वेबर कार्ब्युरेटर, सहा घसे एका रांगेत,
आणि त्यांच्या बरोबर खाली एक्झॉस्ट.

गेल्या जानेवारीत कूबर पेडीच्या वाटेवर
पेट्रोल नळीतच उकळलं.
पंपावर ओलं फडकं टाकून तीन तास बसली होती ती,
मोठे ट्रक हॉर्न देत गेले, थांबला एकही नाही.
जुना पंप इंजिनाच्या कुशीला चिकटलेला,
स्वतःच भाजलेला,
नुसती वाफ ओढत होता.

म्हणून हा नवा, विजेवरचा. अजून खोक्यात.
"कितीचा?" लिंडसे विचारतो.
"चौदा पौंड."
तो चहाचा मग खाली ठेवतो.
"वेबरला साडेतीन पुरे, बाई.
आत एवढीशी सुई, पितळेचा पोकळ तरंगा.
चौदानं ढकललंस तर दार धरून ठेवणार कोण?"

"रेग्युलेटर लावीन."
"लाव. पण उरलेले साडेदहा जाणार कुठे?
त्यांना परतीची नळी दे, थेट टाकीपर्यंत,
नाहीतर पंप भिंतीवर डोकं आपटत बसेल."

मग बराच वेळ नळीच्या जाडीवर वाद.
दाब वेगळा, धार वेगळी, हे तो तिसऱ्यांदा सांगतो.
पंप मागे, टाकीच्याही खाली:
त्याला ढकलता येतं, ओढणं जमत नाही.
हे तिला माहीत आहे. सगळं माहीत आहे.
तरी मोठा पंप घेतला,
मोठी वस्तू हातात बरी वाटते म्हणून.

लिंडसेच्या डाव्या हाताची कातडी
मनगटापासून कोपरापर्यंत
वितळून थिजलेल्या मेणासारखी.
अकरा वर्षांची ओळख. तिनं विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही.

आज तो खिशातून अंगठ्याएवढा स्विच काढतो.
"इंजिन बंद पडलं की तेलाचा दाब जातो,
तो गेला की हा पंपाची वीज तोडतो."
थोडं थांबून,
"गाडी उलटली तरी पंपाला कळत नाही गं.
तो आपला इमानानं पाजतच राहतो."

पत्रा वर कडकड वाजतो.
ती खोक्याला पुन्हा चिकटपट्टी लावते,
पावती शोधते, सापडत नाही.

"स्विच आधी बसवू," म्हणते.
"पंपाचं मग बघू."