नळीच्या आत

एइबारात कारखाने एकावर एक रचलेले.
चौथ्या मजल्यावर गार्बिन्ये, छर्‍याच्या बंदुकीची नळी
खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून.

बाहेरून निळी, नितळ. आत
पेन्सिलीनं ओढावा तसा एक चरा,
आणि खाचेच्या कडेला कुसळ:
दिसत नाही, बोटाला लागतं.
चामडी वॉशर दर वेळी तिथंच कापला जायचा.
गिऱ्हाईक म्हणे स्प्रिंग मेली. तीन स्प्रिंगा बदलल्या त्यानं.

लाकडी दांड्याला पॉलिशपेपर, रॉकेल,
पुढे-मागे, थोडं फिरवत.
घाई केली तर नळी लंबगोल होते,
मग कुणाच्याच बापाला आवरत नाही.

वेल्डिंगपाशी हात अडतो.
तिथं नळी आवळलीय, केसाच्या चौथाईनं.
शेजारी पंचाचे दोन ठिपके.

दोन ठिपके तिचा बाप मारायचा.
कंपनी बुडाली त्या साली माणशी चाळीस नळ्या
काढायला लावत रोज.

ती काही बोलत नाही.
तिथं दहा हात जास्त.

मग पिस्टन सोडते, भोकावर अंगठा.
तो पडत नाही. हवेवर बसून राहतो,
म्हाताऱ्यासारखा जिना उतरतो, सावकाश,
आणि अर्ध्यात थांबतो.

बिलावर तिनं लिहिलं: सफाई.