तीन पांढरे डबे

उर्मास सकाळपासून खोल्या मोजतोय.
दारांच्या चौकटींवर पेन्सिलीनं आकडे:
बैठकीत नव्वद, जिन्याखाली चाळीस,
सौनाच्या पायरीवर दोन, तेही दार उघडं असेल तर.
स्वयंपाकघराच्या चौकटीवर जागा शोधावी लागली,
तिथं आधीच पिरेतची उंची आहे,
तेराव्या वर्षापर्यंतची.

नवे तीन राउटर, दुप्पट वेग, रविवारपर्यंत सवलत.
'घेऊन टाकू?'
मी म्हणाले, सारेमा बेटावर येणारी तार तीच;
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?
तो हसला नाही.
आड आहे तेवढा पुरे, म्हणाला,
पाणी शेवटच्या खोलीपर्यंत पोचत नाही.

शेवटची खोली पिरेतची.
चुनखडीची भिंत, हातभर जाड.
ती जूनमध्ये येते, दोनच रात्री.
इथून काम होत नाही, असं सांगते.
असं सांगते.

रात्री त्यानं पाकिटामागे बेरीज केली,
दोनदा खोडली.
मी फोन घेऊन तिच्या खोलीत उभी राहिले.
एक रेघ आली, गेली.
खिडकीशी पुन्हा आली.

आधी पलंग इकडे सरकवून बघू, म्हणाले.
दोघांनी मिळून ओढला.
खाली धुळीत
तिचा एक मोजा निघाला.